निवारा शोधताय? आधी मुलाचं वय सांगा

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे पोळ्यांना येणारी ताई रात्री साडेदहाला दोन पिशव्या आणि दोन पोरं घेऊन दारात उभी राहिली, नवऱ्याने बाहेर काढलेलं. हॉलमध्ये गाद्या टाकल्या, सकाळी चहा झाला आणि मग प्रश्न आला की आता पुढं काय. त्यानंतर दीड महिना जी फोनाफोनी केली, तिच्यासोबत जिथे जिथे जाऊन आले त्यावरून हे लिहितेय. तुम्ही स्वतःसाठी किंवा बहिणीसाठी, मैत्रिणीसाठी जागा बघत असाल तर बघा काही कामाला येतंय का.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण सगळीकडे "जागा आहे का" एवढंच विचारत बसतो, पण निम्मा निर्णय सोबतच्या मुलाच्या वयावर होतो, मुलीच्या नाही, मुलाच्या. ताईची मुलगी सहा वर्षांची, पोरगा तेरा वर्षांचा. तिथेच सगळं अडलं.

पहिली रात्र असेल, मारहाण झाली असेल, डोकं चालत नसेल तर सरळ सखी वन स्टॉप सेंटर. १८१ ला (महिला हेल्पलाइन) फोन केला की तेच जोडून देतात, अंगावर बेतलं असेल तर आधी ११२ ला, म्हणजे पोलिसांना. ही सेंटरं २०१५ पासून आहेत, बहुतेक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास, चोवीस तास. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन सगळं तिथूनच होतं आणि आधी एफआयआर पाहिजेच असं काही नाही. पण राहायला मिळतं फक्त ५ दिवस. पाच दिवस कसे जातात कळतसुद्धा नाही, दोन तर झोपेत आणि रडण्यात जातात, त्यामुळे पुढच्या जागेचं बोलणं तिथे पहिल्याच दिवशी सुरू करा, चौथ्या दिवशी नको.

महापालिकेचं बेघर निवारा केंद्र म्हणजे वेगळंच प्रकरण. लाखभर लोकसंख्येमागे एक चोवीस तास चालणारा निवारा हवा असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी केंद्रं असावीत असंही योजनेत आहे. प्रत्यक्षात पुरुषांची केंद्रं पटकन सापडतात, बायकांचं शोधावं लागतं. आम्ही एक बघितलं, नाव नको. लोखंडी बंक बेड, खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या, आणि एक बाई मोबाईल चार्जिंगला लावून वायर मनगटाला गुंडाळून झोपलेली. स्वच्छ होतं हो, पण कुलूप लागेल असं कपाट एकही नाही आणि जेवणाचं रोजचं रोज बघायचं. फुटपाथपेक्षा शंभरपट बरं, कागदपत्रांची कटकटही कमी. पण लहान मूल घेऊन महिनोन्महिने तिथे काढायचे, हे मला तरी जमलं नसतं.

मोठ्या मुक्कामाला शक्ती सदन. पूर्वीचं स्वाधारगृह (अडचणीतल्या बायकांसाठीचं) आणि उज्ज्वला (गॅसची नाही, तस्करीतून सुटलेल्या बायकांची) २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत एकत्र केली, तेच हे. राहणं, जेवण, कपडे, औषधं, शिवण किंवा तसलं काही प्रशिक्षण, कोर्टाची मदत, आणि ३ वर्षांपर्यंत राहता येतं. मुली आईसोबत राहतात, मुलगा मात्र १२ वर्षांपर्यंतच (जुन्या स्वाधारमध्ये तर ८ च होतं, म्हणजे तिसरीतल्या पोराला आईपासून तोडायचे). त्याहून मोठा असेल तर बालकल्याण समितीपुढे नेऊन बालगृहात. ताई ज्या संस्थेत गेली तिथे बाहेर पडताना वहीत वेळ लिहायची, मोबाईल संध्याकाळी ठरलेल्या वेळीच, आणि पहिल्याच आठवड्यात पोळ्यांची पाळी तिच्यावर! ती मला म्हणाली, मी इथेपण तेच करतेय, फक्त पगार नाही. हसलो दोघी. पण खरं सांगायचं तर कामावर जाणाऱ्या बाईला हे नियम जाचतात. नवरा शोधत फिरत असेल तर मात्र तीच वही आणि तेच बंद गेट कामाला येतं.

सखी निवास म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह, आणि माझ्या मते ज्यांना परवडेल त्यांनी आधी इथेच प्रयत्न करावा. महानगरात पगार ५०,००० पर्यंत, बाकीकडे ३५,००० पर्यंत चालतो. भाडं पगाराच्या हिशोबाने, एकटीची खोली असेल तर जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींत १० आणि डॉर्मिटरीत साडेसात. म्हणजे १२,००० कमावणारीला दोघींच्या खोलीत १,२०० च्या वर नाही. येण्याजाण्याच्या नियमांचा ताप कमी, मुलांना पाळणाघराची सोय. इथेही मुक्काम ३ वर्षंच. अडचण कागदांची, आम्हाला पगाराची स्लिप मागितली, आता चार घरी पोळ्या करणारीला स्लिप कोण देणार? मी लेटरहेड नसलेल्या साध्या कागदावर लिहून दिलं, चाललं नाही.

आणि एक पर्याय लोक धरतच नाहीत, स्वतःचं घर. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात घर नवऱ्याच्या नावावर असो, भाड्याचं असो, बाईला तिथे राहायचा हक्क आहे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सासरच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सांगितलं. कोर्ट नवऱ्याला बाहेर काढू शकतं, किंवा दुसरीकडे राहायचं भाडं त्याने भरावं असाही आदेश देऊ शकतं. अर्ज संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) करून देतात. साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं कायदा म्हणतो, तारखा मात्र तारखांसारख्याच पडतात. आणि जिवाला धोका असेल तर हक्क आहे म्हणून त्या घरात जाऊन बसू नका, आधी बाहेर पडा, अर्ज बाहेरून पण करता येतो.

ताईने शेवटी दोन्ही केलं, मुलीला घेऊन शक्ती सदन आणि तिथूनच भाड्यासाठी अर्ज. पोराला बालगृहात घालायला ती तयारच नव्हती. तो मावशीकडे गेला आणि आम्ही बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरला, महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल संस्थेत न जाता घरात राहावं यासाठीच ती योजना आहे. आधी माहीत असतं तर पहिल्या आठवड्यातच भरला असता.

पिशवीत काय घ्यायचं म्हणाल तर आधार, रेशनकार्डाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक आणि मारहाणीचे डॉक्टरचे कागद असतील तर ते. ताईने गॅसचं पुस्तक आणलं होतं आणि पोराचा दाखला घरीच राहिला. तो आणायला पुढं पोलीस घेऊन जावं लागलं.