सीआरपी घ्यावी की कायमची इझमेंट?

अमेरिकेत ज्यांच्याकडे पाणी साचणारी, पीक धड न देणारी जमीन आहे त्यांचा हा नेहमीचा घोळ. सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) म्हणजे १९८५ च्या कायद्यातली, जमीन पेरायची थांबवण्याची सरकारी स्कीम, करार १० ते १५ वर्षांचा, दरवर्षी भाडं मिळतं आणि गवत-झाडं लावायच्या खर्चातला निम्म्यापर्यंत वाटा सरकार उचलतं, तण मात्र तुम्हीच काढत बसायचं. वेटलँड इझमेंट म्हणजे पाणथळ जमिनीवरचा पेरणीचा हक्क सरकारला विकणं; त्यात पैसे एकदाच पण मोठे, पाणथळ पूर्ववत करायचा ७५ ते १०० टक्के खर्चही सरकारचा, फक्त पेरणीचा हक्क कायमचा गेला, पुढच्या मालकाचासुद्धा! मालकी दोन्हीत आपलीच राहते. सीआरपी मधेच मोडली तर घेतलेलं भाडं व्याजासकट परत, हे लोक विसरतात. भाव चढल्यावर परत नांगरायचं मनात असेल तर सीआरपी. रान सारखं बुडतंय, वर कर्जही फेडायचंय, तर इझमेंट.