घर ते मळा, एक किलोमीटर: यूबिक्विटी लाइटबीम ५एसी जेन २

पोल्ट्रीवर कॅमेरे आहेत आणि नेट गावात घरी, मधे साधारण एक किलोमीटर. फायबर न्यायचा तर चार जणांच्या बांधावरून परवानगी मागत फिरा, म्हणून ही जोडी घेतली: दोन टोकांना समोरासमोर लावायच्या दोन डिश, मधे तार नाही, नेट हवेतून जातं. वर्ष होत आलं, खूश आहे.

डिश २३ डीबीआयची (सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप), म्हणजे बीम अरुंद, आजूबाजूच्या इतर वायफायचा गोंगाट कमी उचलते पण नेम तेवढाच नीट धरावा लागतो. दोघांनी फोनवर बोलत करा, एकाने डिश केसभर हलवायची, दुसऱ्याने डीबीएम वाचायचं (सिग्नलची ताकद, उणे आकडा शून्याकडे जाईल तेवढं चांगलं), आणि आकडा उणे ७५ च्या आसपासच घुटमळत असेल तर बहुतेक बाजूचा लोब, म्हणजे मुख्य बीमशेजारचा कमजोर झोत पकडलाय, अजून फिरवा. आमचं उणे ५५ ला बसलं. डिशचं स्वतःचं छोटं वायफाय आहे त्यामुळे सेटिंग मोबाइलवरून होतं, लॅपटॉप घेऊन शिडी चढायला नको, हे जाम आवडलं.

लोक चॅनेल विड्थ (चॅनेलची रुंदी) ८० मेगाहर्ट्झवर ठेवतात आणि मग बोंबलतात. ४० करा, गर्दी असेल तर २०. रुंदी अर्धी केली की गोंगाट ३ डीबीने, म्हणजे निम्म्यावर उतरतो, स्पीडटेस्टचा आकडा बारीक दिसेल पण कॅमेरा अडकणार नाही. मोकळा चॅनेल एअरव्ह्यूवर (डिशच्याच सेटिंगमधलं, कुठल्या चॅनेलवर किती गर्दी ते दाखवणारं टूल) रात्री बघा, दुपारी सगळं रानच मोकळं दिसतं.

आता ऊस. समोरची डिश डोळ्याला दिसली म्हणजे झालं असं नसतं, ५.८ गिगाहर्ट्झला एक किलोमीटरवर मधोमध फ्रेनेल झोनची (दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणारी फुगीर जागा) त्रिज्या साडेतीन मीटरच्या वर जाते आणि त्यातला ६० टक्के तरी मोकळा लागतो, म्हणजे रेषेखाली दोन मीटरपेक्षा जास्त. शेजारचा आडसाली ऊस वाढला तसा सिग्नल उतरत गेला, पावसात ओला पाला तर अजूनच खातो. मळ्यातला डिशचा पाइप वाढवला, तारेचे ताण दिले, परत जागेवर.

पॉवरला २४ व्होल्टचं पॅसिव्ह पीओईच लागतं (पीओई म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज देणं), साध्या पीओई स्विचवर चालेल असं धरू नका. केबल शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायचीच घ्या. आणि लिंक २०० एमबीपीएसच्या वर दाखवते पण नेट ९५ ला अडकलं तर डिशला शिव्या देण्याआधी लॅन स्पीड (डिशच्या केबल पोर्टचा वेग) बघा, केबलच्या टोकाच्या क्रिम्पिंगमधली एक वायर सुटली तरी गिगाबिट पोर्ट १०० वर येऊन बसतो.

दोन-तीन किलोमीटरलाही बिनधास्त घ्या. शंभर-दोनशे मीटरसाठी मात्र एवढी डिश कशाला, त्याच कंपनीचा छोटा नॅनोस्टेशन लोको भागवतो.