आधी कुठलं उघडावं, टोल्किन की मार्टिन?

बारावीची परीक्षा संपली तशी भाची मागं लागली, "मामा, आधी टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचू की मार्टिनचं 'गेम ऑफ थ्रोन्स'?" पडद्यामुळं दोन्ही गोष्टी तिला वरवर माहीत आहेत, तुम्हालाही असतील. म्हणून कोण कुणाशी लढतं ते सोडून देतो. मी दोन्ही मूळ इंग्रजीतून वाचली आणि बरीचशी कोल्हापूर-इचलकरंजी एसटीत वाचली. तावडे हॉटेल मागं पडलं की पुस्तक उघडायचं, इचलकरंजीचा स्टँड दिसला की मिटायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझा कौल त्या सीटवरच ठरला.

पहिल्या पानांत मार्टिन सरळ पुढं आहे. सात वर्षांचा ब्रान वडिलांबरोबर घोड्यावरून जातो आणि वडील त्याच्यासमोर, स्वतःच्या हातानं, एका फरारी पहारेकऱ्याचं मुंडकं उडवतात. परतताना बर्फात एक अजस्र लांडगीण मरून पडलेली दिसते. तिच्या घशात हरणाच्या शिंगाचा तुकडा रुतलेला आणि जवळ जिवंत पिल्लं. पहिल्याच प्रकरणात माणूस इतका गुंततो. टोल्किनची सुरुवात मात्र वाढदिवसाच्या जेवणावळीनं होते. 111 वर्षांचे बिल्बो, खास पंगतीला 144 पाहुणे आणि त्याआधी प्रस्तावनेत हॉबिट लोकांच्या, म्हणजे बिल्बोच्या बुटक्या जमातीच्या, तंबाखूचाही इतिहास. ती प्रस्तावना पहिल्या वाचनात खुशाल सोडा, काही अडत नाही.

पण दुसऱ्या प्रकरणापर्यंत तरी जा. मधे 17 वर्षं गेलेली असतात. सकाळची वेळ, खिडकी उघडी, बाहेर माळीकाम करणारा सॅम गवत कापतोय, त्याच्या कात्रीचा आवाज येतोय. आत जादूगार गँडाल्फ आणि बिल्बोचा वारस फ्रोडो बोलत बसलेत. बिल्बोनं फ्रोडोसाठी मागं ठेवलेली अंगठी गँडाल्फ विस्तवात टाकतो. बाहेर काढली तर ती थंडच, पण तिच्यावर आगीची अक्षरं उमटलेली. पुढं फ्रोडो चिडून म्हणतो, ती अंगठी आधी ज्याच्याकडं होती त्या गॉलमला बिल्बोनं तेव्हाच मारायला हवं होतं. गँडाल्फ त्याला सांगतो की दया आली म्हणूनच बिल्बोचा हात थांबला, आणि मेलेल्याला जीव देता येत नसेल तर मरण वाटायची घाई करू नकोस. हे वाचताना वाटेतलं अतिग्रे कधी गेलं मला कळलं नाही. बोलता बोलता गँडाल्फ एकदम थांबतो. कात्रीचा आवाज केव्हाचा बंद झालाय! मग तो खिडकीतून हात घालून सॅमला कानाला धरून वर ओढतो.

गंमत म्हणजे मार्टिनच्या त्या पहिल्या प्रकरणातही प्रश्न हाच आहे, जीव घ्यायचा हक्क कुणाचा. तिथं उत्तर असं की ज्यानं शिक्षा सुनावली त्यानंच तलवार उचलावी. ते उत्तरही वजनदार आहे. मला गँडाल्फचं जास्त काळ पुरलं, एवढंच.

आता मला अडलं कुठं ते सांगतो. मार्टिनच्या पहिल्या भागात प्रत्येक प्रकरण एकाच माणसाच्या नजरेतून आणि त्याच्याच नावानं येतं. ब्रानचं पहिलं प्रकरण संपलं की त्याचं दुसरं यायच्या आधी मधे सहा प्रकरणं: त्याची आई, समुद्रापलीकडची राजकन्या डेनेरिस, वडील, सावत्र भाऊ जॉन, परत आई, मग बहीण आर्या. घरी सलग वाचणाऱ्याला यात मजा येत असेल. मी रोज एखाददुसरं प्रकरण वाचणारा. मधे रविवार आला, एखादी सुट्टी पडली, की सोमवारी बसमध्ये आधी मागची पानं चाळायची, कोण कुणाचा मेव्हणा ते जुळवायचं. जीव जिथं अडकलेला असायचा तिथला माणूस आठवडाभर भेटायचाच नाही. हे इतक्यांदा झालं की शेवटी मी पुस्तक पिशवीत न घेताच घराबाहेर पडायला लागलो.

टोल्किनच्या पहिल्या भागात तसं होत नाही. चार दिवसांनी उघडलं तरी फ्रोडो सोडला होता तिथंच असतो. खरं सांगायचं तर दुसऱ्या भागात टोल्किनही मंडळींची फाटाफूट करतो आणि अर्धा भाग फ्रोडो दिसतच नाही. पण तोवर सगळे आपले झालेले असतात, त्यामुळं जड जात नाही.

इंग्रजी म्हणाल तर मार्टिन सोपा. टोल्किनची निसर्गवर्णनं आणि गाणी मराठी शाळेत शिकलेल्याला सुरुवातीला दमवतात, मलाही दमवलं. शिवाय मार्टिनचा पाचवा भाग 2011 मध्ये आला, पुढचा अजून नाही. काहींना त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

तुम्हाला सुट्टी सलग मिळणार असेल आणि राजकारणाच्या डावपेचांत रस असेल, तर मार्टिन घ्या, पस्तावणार नाही. भाचीचा क्लास मात्र पुढच्या आठवड्यात सुरू होतोय आणि तीही बसनंच जाणार. तिला मी टोल्किनचा पहिला भाग दिलाय. दुसऱ्या प्रकरणात माझं एसटीचं जुनं तिकीट आहे, ते काढू नको म्हटलं.