आरेची रात्र आणि मेंढ्याचा बांबू

4 ऑक्टोबर 2019. उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. दोन हजारांवर झाडं पडली, 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतंच. दृश्यं होती, अटका होत्या, ट्वीट करणारे तारे होते. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅनही तासाभरात पोचते.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात होता. कारण 1927 च्या वन कायद्यात 2017 पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं, तर 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज, म्हणजे गावाने गोळा करून विकावी अशी जंगलातली वस्तू! एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. त्या दिवशी कॅमेरे होते. मंत्री परतले, कॅमेरेही परतले.

आरेच्या गदारोळाला मी नावं ठेवणार नाही, त्याने दबाव आला. पण चर्चा ‘मेट्रो की झाडं’ एवढ्यावरच अडकली. आरेतल्या आदिवासी पाड्यांना त्यात मिनिटभर मिळालं असेल. मेंढ्याची बातमी कंटाळवाणी, कागदपत्रांची. हवामान धोरणावर लिहिणाऱ्याला मात्र मी आधी तीच वाचायला देईन. जंगल कोणाच्या सहीने राखलं जातं, ते तिथे कळतं.