एम्सचा स्ट्रॉ पोल की आयोवाचा कॉकस?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाचा कोणता उमेदवार चालेल, हे कशावरून ओळखायचं? आयोवा राज्यातल्या एम्स गावचा स्ट्रॉ पोल (नुसता कल बघायचं मतदान) म्हणजे निव्वळ जत्रा होती हो, ३० डॉलरचं तिकीट आणि तेही बऱ्याचदा उमेदवारच काढून देणार, वर बस नि जेवण फुकट (आपल्या सभांना गाड्या भरून नेतात तसंच की). ऑगस्ट २०११ ला उमेदवार मिशेल बाखमन ४,८२३ मतं घेऊन पहिली, तिसरा आलेला पॉलेंटी दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळून घरी. २०१५ ला पोल बंद केला ते बरंच झालं.

कॉकसला (पक्षाचा उमेदवार निवडायला गावोगावी भरणारी सभा) मात्र जानेवारीच्या थंडीत स्वतः जायचं, भाषणं ऐकायची, चिठ्ठीवर नाव लिहायचं. तिथे २०१२ ला तीच बाखमन सहावी! मी कॉकसच मानेन, पण तोही काय धुतला तांदूळ नाही, त्याच निकालात आधी म्हणे उमेदवार रॉम्नी ८ मतांनी पुढे, नंतर म्हणे सँटोरम ३४ मतांनी.