पोलो जीटीचं मागचं बूड ३१ मिमी खाली: अकरा महिन्यांनंतर, रबरांसकट

मागच्या स्प्रिंगा बदलायला घेणार असाल तर स्प्रिंगची टोकं ज्यांत बसतात ती रबरं नवीन घ्या. वरची दोन, खालची दोन, चारही. एवढं पटलं तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. ऑक्टोबरात बसवलेल्या स्प्रिंगांनी डिसेंबरापासून जी टकटक लावली, तिचं मूळ जुलैत सापडलं आणि ते निघालं या रबरांत. चारही मिळून किंमत स्प्रिंगच्या जोडीच्या पाव भागही नाही.

गाडी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक, सव्वा लाख किलोमीटर, मुक्काम रत्नागिरी. इंजिनाबद्दल लिहीत बसत नाही, सगळ्यांना पाठ आहे. रिकामी असली की ही गाडी मागून शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी दिसते. म्हणून फक्त मागे, ३० मिमी कमी करणाऱ्या तयार स्प्रिंगा. पुढे हात लावलेला नाही.

मूळ स्प्रिंग कापून स्वस्तात काम करून देतो, असं सांगणारा एक तरी भेटतोच. नको. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग तिथल्या तिथे वीस टक्के कडक होते. तेही एक वेळ चालेल, पण कापलेलं टोक रबराच्या खाचेत बसत नाही आणि चाक खड्ड्यावर लोंबलं की आखूड स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग खचवणं त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं.

काम अंगणात होतं. दोन माणसं, तीन तास, त्यातला एक तास गंजलेल्या बोल्टांचा. हँडब्रेक मागच्या चाकांना आणि ती तर हवेत, त्यामुळे गाडी पी मध्ये टाकून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावायचे. स्टँड सिलखालच्या (दरवाजांखालच्या पट्टीच्या) ठरलेल्या जागीच. आपल्याकडे जांभ्याच्या फरशीचं अंगण असतं, त्यात स्टँडचे पाय रुततात; खाली १२ मिमीचा प्लायवूड घाला. आणि स्टँड नाही म्हणून चिऱ्यावर गाडी टेकवायचं मनातही आणू नका. चिरा भिंतीत चांगला, गाडीखाली तो सांगून फुटत नाही.

शॉकअपच्या खालच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. गोटी (सॉकेट पाना) सहा कोनी वापरा. बारा कोनी गोटीने कडा गोल झाल्या की कटर आणावा लागतो. बीमखाली, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या पोलादी भागाखाली, जॅक लावून दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे, मग जॅक हळूहळू उतरवायचा. इथे नजर ब्रेकच्या रबरी नळीवर आणि एबीएसच्या वायरवर. त्यांच्या क्लिपा आधीच मोकळ्या करा, नाहीतर बीमचं वजन नळीवर येतं. बीम खाली गेला की स्प्रिंग हाताने निघते. नवी आखूड असल्याने आणखी सहज जाते.

परत बसवताना बहुतेक जण एक चूक करतात. खालचा बोल्ट चाक लोंबत असताना करकचून आवळायचा नाही. बोल्टाभोवतीच्या बुशमधलं रबर तेव्हाच्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. जॅकने बीम गाडीच्या नेहमीच्या उंचीला आणायचा, मगच शेवटचा पीळ. बोल्ट नवे घाला.

माप चाकाच्या मधल्या टोपीपासून कमानीच्या कडेपर्यंत घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरमधली हवासुद्धा मोजली जाते. आधी ३८५ मिमी होतं, बसवल्या दिवशी ३६०, महिन्याभरात बसून ३५४. तेव्हापासून हललेलं नाही. टॉर्शन बीममुळे (हाच तो मागचा बीम) मागचा कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचा उभा आणि आडवा कल, जवळजवळ बदलत नाही. मागच्या अलाइनमेंटचे वेगळे पैसे मागितले तर हसून निघून या. मात्र एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मागच्या बीमला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असेल तर सावध. बूड खाली गेलं की त्याला गाडी भरलेली वाटते, तो मागे जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात.

आता टकटक. गतिरोधकावरून दहाच्या वेगाने उतरताना मागून डावीकडे एकच ‘टक्’. जोरात गेलं की काही नाही. डिसेंबरात माझं मत पक्कं झालं होतं: स्प्रिंगा भिकार. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर आलं की बसवण्यात चूक असेल. त्यावर बरीच वादावादी झाली.

शेवटी नेलपॉलिश कामी आलं. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं आणि खालचं रबर यांच्यावर मिळून एक पांढरी रेघ ओढली. दोनशे किलोमीटरनंतर वाकून पाहिलं, तर रेघ तुटून दोन भागांत चांगलं बोटभर अंतर. म्हणजे स्प्रिंग स्वतःभोवती फिरत होती. रबरात एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिला टेकून बसायला हवं. ते टेकलेलंच नव्हतं, कारण पायरी उरलीच नव्हती. रबर फुगून मऊ गोळा झालं होतं, नख रुतत होतं.

फुगलं कशाने? जळक्या ऑइलने. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीखाली डिझेल आणि जळकं ऑइल मारून घ्यायचं, ही किनाऱ्यावरची जुनी सवय, आणि या गाडीलाही दर मे महिन्यात तो अभिषेक झालेला. पत्र्याला त्याचा काही काळ उपयोग होतो, पण रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि आकार सोडतं. तीच जुनी रबरं पैसे वाचवायला नव्या स्प्रिंगांना लावली होती. विकणारा बरोबर होता, हे कबूल करायला जड जातं.

चार नवी रबरं घातल्या दिवसापासून आवाज बंद. स्प्रिंगांबद्दलचं डिसेंबरातलं मत मागे घेतलं आहे, पण रंगाबद्दलचं नाही. जुलैत स्प्रिंग काढली तेव्हा बीमवरच्या, स्प्रिंग बसते त्या खालच्या वाटीत मूठभर ओली तांबडी माती आणि रेती निघाली, आणि तिथे घासून पहिल्या वेटोळ्याचा रंग गेलेला. खाऱ्या हवेत तिथेच बारीक खड्डे पडतात आणि स्प्रिंग मोडायची सुरुवातही तिथूनच. घासून जस्ताचा प्रायमर मारला आहे. आता समुद्राकडून आलं की नळीने गोडं पाणी थेट त्या वाटीत. गाडीखाली ऑइलऐवजी मेणाचा स्प्रे, तोही रबरं आणि ब्रेकचे ड्रम झाकून.

हेडलाइटचं कोणी सांगत नाही. व्हीलबेस जेमतेम अडीच मीटर; मागे ३१ मिमी उतरलं की प्रकाशझोत दहा मीटरवर साधारण १२ सेंटिमीटर वर जातो. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो शिव्या देत जातो. भिंतीसमोर गाडी लावून आधी खूण करून ठेवा आणि नंतर स्क्रूने झोत परत त्या खुणेवर आणा.

चालवायला? दोघंजण असताना आरे-वारेच्या वळणांवर मागचं टोक आता निमूटपणे पुढच्याच्या मागे येतं, आधीचं डोलणं नाही. गणपतीत पाच माणसं, बॅगा आणि डिकीत नारळांचं पोतं घातलं की मात्र प्रत्येक खोलगट जागी बंप स्टॉपरवर (चाक फार वर आलं की धक्का झेलणाऱ्या ठोकळ्यावर) ‘धप्प’. स्टॉपर कापलेला नाही; स्प्रिंगसोबतच्या कागदावर कापायचं माप नव्हतं, आणि अंदाजाने कापला तर शॉकअपच तळाला आपटेल. शॉकअप जुनेच आहेत. बूड दाबून सोडलं की दीड झोक्यात थांबतं, म्हणून अजून चालवतो आहे. दोन-तीन झोके घेऊ लागलं की बदलायचे.

आणि जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी फेरीबोट. जयगड–तवसाळ असो वा दाभोळ–धोपावे, भरतीला काही अडचण नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीच्या फळीचा चढ यांचा कोन तीव्र होतो, आणि मागची चाकं फळीवर चढली की बंपरची खालची कड काँक्रीटला घासते. मागे बसलेल्यांना आधी उतरवून चालत बोटीवर पाठवा, तेवढ्याने सुटते. भरल्या गाडीने जाणार असाल तर ओहोटीची वेळ टाळून निघा.