गोधडी: हाताने शिवावी की मशीनवर?

छंद म्हणून पहिली गोधडी शिवायला घेताना हा प्रश्न पडतोच. मशीनवर वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून टाका घट्ट बसतो, त्यामुळे रोज धुवावे लागणारे बाळाचे दुपटे मशीनवरच शिवावे. तेवढे काम एका दुपारी उरकते.

थर वाढले की मात्र घरगुती मशीन अडू लागते. खालचे दाते तळाचे कापड पुढे सरकवतात, वरचे लुगडे कापड दाबणाऱ्या मशीनच्या पायाखाली दबून मागे राहते आणि शेवटच्या ओळीपर्यंत चुण्या साचतात. त्यासाठी आधी सर्वत्र कच्चे टाके घालावेत, १६ नंबरची सुई लावावी आणि टाका लांब ठेवावा.

हाताच्या शिवणीत हा त्रास जवळजवळ उरत नाही, कारण जमिनीवर पसरलेले थर डावा तळहात सपाट धरून ठेवतो आणि धावदोरा कडेने फिरत फिरत मध्याकडे येतो. सुईवर एका वेळी तीन-चार टाके गोळा करून, बोटात घातलेल्या अंगुस्तान्याने (सुई टोचू नये म्हणून घालायच्या टोपीने) रेटा देऊन दोरा ओढला की दोन ओळींमधले कापड किंचित फुगते. वापरून मऊ झालेल्या सुती नऊवारीवर ही बारीक सुरकुती फार सुंदर दिसते, आणि मशीनच्या ताठ शिवणीत ती मला कधीच मिळालेली नाही. वेळ मात्र भरपूर लागतो. मोठ्या गोधडीला कित्येक आठवडे जातात. तरीही आजीचे लुगडे हाती असेल, तर मी सुईदोराच घेईन.